कुसैसचे बघे

॥ श्री ॥
अल कुसैस, दुबई
४ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांना आशाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल परवा यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सात आलं. आत निघालं ते असं: भाजणी अर्धा किलो (पिशवी फुटलेली, भरली पावणेपाचशे ग्रॅम), कुंकवाची डबी एक, तुमच्या प्रदर्शनाची आमंत्रणं दोन आणि गुळगुळीत कागदाची जाड पुस्तिका एक. सोडवायला सदतीस दिरहम पडले, म्हणजे साडेआठशे रुपयांच्या आसपास. एवढ्यात मी इथे महिनाभराची भाजणी भाजली असती, पण ते असो. भाजणीबद्दल आभार.

पत्र भाजणीसाठी लिहीत नाही. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मी आहे, म्हणून लिहिते.

मी नाही असं म्हणू नका. हिरवा पंजाबी ड्रेस माझा, पिशवी माझी, तिच्यातून डोकावणारी कोथिंबीरसुद्धा माझी. मान वर केलेली आणि तोंड असं उघडं, की आतली दाढ दिसावी. भोवती आमच्या बिल्डिंगखालची सगळी गर्दी आणि वर चित्राचं नाव, ‘बघे’.

जूनमध्ये तुम्ही इथे होतात, त्या शनिवारी काचा पुसणाऱ्या माणसाचा पाळणा आमच्या भिंतीवर अडकला होता, त्या दिवसाचं हे चित्र. तुम्ही आमच्या हॉलच्या खिडकीत बसून काही रेघोट्या मारत होतात हे मला ठाऊक होतं. त्यातून हे निघेल हे ठाऊक नव्हतं.

काल भजनाला गेले, तर संपदा सगळ्यांसमोर म्हणते, “आशाताई, फेमस झालात की! पण काय हो, फुकटात एवढं काय बघत होता?” तिला पुण्याच्या बहिणीने फोटो पाठवला होता. सगळ्या हसल्या. पेटी वाजवणारीसुद्धा सूर सोडून हसली. घरी येऊन ईशानीला सांगितलं, तर पोरगी मोबाइलवरून डोकं न उचलता म्हणाली, “आई, इट्स जस्ट आर्ट. चिल.”

वन्सं, पंचवीस वर्षं मी या देशात मान खाली घालून राहिले. एका माणसाच्या जिवाशी खेळ चालला असताना तोंड वासून मजा बघणारी बाई, अशी माझी ओळख तुम्ही पुण्याच्या भिंतीवर टांगणार. मला ते चालणार नाही. प्रदर्शन पाच जानेवारीला आहे. त्याआधी माझा चेहरा बदला. दुसरी कुठलीही बाई काढा.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून हा कागद.

आपली,
आशा


पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

आशा हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाजणी तोलून घेतलीस हे वाचून करमणूक झाली.

आता चित्राविषयी. तू मॅट्रिक झालीस, हिशेब उत्तम ठेवतेस, उपास एक सोडत नाहीस. पण चित्र ही तुझ्या प्रांतातली गोष्ट नाही, म्हणून सावकाश सांगते. दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी एक उद्धटपणा केला. मिरवणूक चालली असताना त्यांनी मिरवणुकीकडे पाठ केली आणि बघणाऱ्यांचे चेहरे काढले. नाटक सोडून सज्जातले प्रेक्षक काढले. शर्यतीतले घोडे सोडून दुर्बिणी लावून बसलेले शौकीन काढले. वरच्या मजल्याच्या खिडकीत बसून खालचा हमरस्ता काढला, माणसं मुंग्यांसारखी. शहर म्हणजे काय, तर एकमेकांच्या पाठीवरून डोकावणारी माणसं, हे त्यांनी पहिल्यांदा जगाला दाखवलं. अबुधाबीचं ते प्रदर्शन पाहायला मी एवढा विमानप्रवास केला तो त्यासाठी. तूही बरोबर होतीस. तू बहुतेक वेळ कॅफेतल्या चहाची किंमत वाचत होतीस, असं मला आठवतं.

त्या शनिवारी मी तेच केलं. पाळणा कुठे आणि कसा अडकलाय याकडे मी ढुंकून पाहिलं नाही. तो माझ्याच भिंतीवर कुठेतरी होता, मला दिसतही नव्हता. मला दिसत होते खालचे चेहरे, माझ्याकडे वर वळलेले. सबंध आयुष्यात मला अशी गर्दी मिळाली नव्हती. त्यात तुझा चेहरा मिळाला हे माझं भाग्य.

ती तू नाहीस, आशा. ती गर्दी आहे. गर्दीला नाव नसतं, त्यामुळे अब्रूही नसते. संपदेला हे समजत नसेल तर भजन बदल.

चेहरा बदलणार नाही.

सुचित्रा


॥ श्री ॥
अल कुसैस
२८ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांना सा. न.

चहा एकवीस दिरहमचा होता, कपभर. ती किंमत ज्याला वाचावीशी वाटली नाही त्याचेच डोळे तपासायला हवेत.

पण चित्रंही मी पाहिली होती, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. तुम्ही वहीत लिहीत पुढे गेलात, तेव्हा मी एका चित्रापुढे बाकावर टेकले होते, गुडघा दुखत होता म्हणून. नाटकघराचा वरचा माळा, स्वस्त तिकिटवाल्यांचा. कठड्यावर माणसं नुसती कोंबलेली. मला आधी वाटलं, सगळे नाटक बघतायत. मग दिसलं, की एक म्हातारी शेजारणीच्या डोळ्याला शालीचं टोक लावतेय. एक माणूस झोपलाय आणि त्याची टोपी पडू नये म्हणून मागच्याने बोटाने धरलीय. सगळे वेगवेगळं काहीतरी करत होते. त्या चित्रकाराने वर बसून ते काढलेलं नाही. तो त्यांच्यात बसला असणार, दोन-चार कोपरं बरगडीत खाल्ली असणार, त्याशिवाय ते टोपीवरचं बोट दिसणार नाही.

तुम्ही पाचव्या मजल्यावर होतात. एसी लावलेला, काच बंद, कानातलं यंत्र काढून टेबलावर. तुम्हाला बोटं कशी दिसणार?

गर्दीला अब्रू नसते म्हणता. मग तुमची एक गोष्ट मला समजत नाही. गर्दीच हवी होती तर मलाच मधोमध का बसवलंत? बाकी सगळे टिकलीएवढे आणि मी तळहाताएवढी. ओळखीची होते म्हणून मला तुम्ही नीट काढलंत, आणि ओळखीची असूनही मला विचारलं नाहीत. मी तुमच्या भावाची बायको आहे, बाजारातलं वांगं नाही.

हे म्हणतात, ताईच्या नादी लागू नको, मार्चमध्ये तिची बायपास झालीय. म्हणून मी शब्द मोजून लिहिते आहे. पण चेहरा बदला, हे माझं म्हणणं तसंच आहे.

आशा


पुणे
१० डिसेंबर २०२४

आशा,

टोपीवरचं बोट तू पाहिलंस हे वाचून खरंच आश्चर्य वाटलं. मान्य करते. पण एका चित्रापुढे बाकावर टेकून कुणी समीक्षक होत नाही.

आता मीही स्पष्ट लिहिते, कारण गोड बोलून तुला कळत नाही.

तू मधोमध आहेस, कारण तुझं तोंड त्या गर्दीतलं सर्वांत उघडं तोंड होतं. बायकोच्या, वहिनीच्या, भजनकरणीच्या मुखवट्याखालची ती खरी आशा. भुकेलेली. मला तुझा राग नाही, सगळे तसेच होते. चित्र नीट बघ. डाव्या बाजूला निळ्या शर्टातला माणूस फोन उंच धरून शूटिंग करतोय. तुमच्या त्या देशात अपघाताचं शूटिंग केलं तर जबर दंड आहे म्हणतात, तरी त्याला मोह आवरत नाही. त्याच्यामागे दोघं चक्क गादी घेऊन आलेत, बसून आरामात बघायला. मी हसू आवरू शकले नव्हते. एक बाई दोन्ही हात वर करून नाचतेय. सगळ्यांना एकच हवं होतं, तो माणूस पडायला हवा होता. तुझ्या नवऱ्याने, गुणवंतने, संध्याकाळी सांगितलं, की त्याला सुखरूप उतरवलं. मला पहिला विचार हाच आला, की खालच्या लोकांची केवढी निराशा झाली असेल.

आणि कष्टाचं म्हणशील, तर तो तासाभराचा चेहऱ्यांचा पाऊस मी कसा टिपला ते मलाच माहीत. तुझ्या घराचं दार कुणीतरी बडवत होतं. मला ऐकू येत नव्हतं, पण दाराची साखळी हलताना दिसत होती. फोनही टेबलावर थरथरत सरकत होता. कुरियरवाला असेल म्हटलं. मी उठले नाही. गर्दी अशी मांडून परत मिळत नाही.

हे चित्र एका बँकेने घेतलं आहे, त्यांच्या मुख्य कचेरीच्या दर्शनी दालनासाठी. रोज हजार माणसं बघतील.

तरीही तू माझ्या भावाची बायको आहेस, म्हणून एक संधी देते. त्या वेळी तू बघण्यापलीकडे काही करत होतीस, असं एक वाक्य मला लिहून पाठव. खरं, देवाला स्मरून. ते आलं, की त्याच दिवशी मी ब्रश उचलते. नाही आलं, तर हा विषय खलास. तुमच्याकडे असंच म्हणतात ना?

सुचित्रा


॥ श्री ॥
अल कुसैस
२२ डिसेंबर २०२४

वन्सं,

एक वाक्य मागितलंत. एकात बसणार नाही.

हे लिहू नये म्हणून यांनी मला घरच्या गणपतीवर हात ठेवायला लावला होता. जूनपासून मी तो शब्द पाळला. आज मोडते. त्याचं प्रायश्चित्त मी आणि गणपती बघून घेऊ. बायपासचं तुम्ही आणि डॉक्टर बघा. हे पत्र यांच्या हाती दिलेलं नाही, मी स्वतः पोस्टात जाऊन टाकते आहे.

त्या शनिवारी सकाळी मी बेडरूममध्ये स्तोत्र म्हणत होते. खिडकीबाहेर पाळणा येऊन थांबला. आतला मुलगा, मुलगा कसला, तिशीचा बाप्या, काचेवर बोट वाजवून म्हणाला, “काकी, मराठी का तुम्ही? जरा पाणी मिळेल?” मी खिडकी सरकवून पाणी दिलं. नाव दौलत, देवगडकडचा. म्हणाला, “आईपण हेच म्हणते सकाळी.” मी म्हटलं, उन्हाचं सांभाळ रे. तो म्हणाला, “बारा वाजता सुट्टीच होते, काकी.” मग मी खिडकी लावली आणि आतून खिटी घातली. गार हवा बाहेर जाऊन बिल वाढतं म्हणून खिटी घातली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही.

मग मी भाजीला गेले. तुम्ही घरी म्हणून किल्ली नेली नाही.

परत आले तर खाली माणसं जमली होती. पाळण्याची एका बाजूची दोरी सुटली होती. पाळणा उभा लटकत होता आणि दौलत त्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. कुठे, ठाऊक आहे? आमच्या बेडरूमच्या खिडकीपुढे. पाय बरोबर काचेवर घासत होते. कुणी आतून खिटी काढून काच सरकवली असती आणि त्याच्या कमरेला विळखा घातला असता, तर तो पलंगावर येऊन पडला असता. तुम्ही त्याच्यापासून आठ पावलांवर होतात. मधे एक भिंत आणि एक उघडं दार.

मी ओरडत होते, “वन्सं, खिडकी उघडा! बेडरूमची खिडकी उघडा!” माझी दाढ दिसली तुम्हाला. समोर बसलं की माझे ओठ वाचून तुम्ही माझ्याशी भांडता. त्या दिवशी तासभर माझं तोंड पेन्सिलीने काढलंत, आणि ते काय म्हणतंय ते वाचलं नाहीत.

आता तुमचे बाकीचे बघे. निळ्या शर्टातला अजीज, खालच्या ग्रोसरीचा. तो शूटिंग करत नव्हता, तुम्हाला फोन लावत होता. नंबर मी सांगितला. उचलला तर माझा आवाज जावा म्हणून स्पीकर लावून माझ्याकडे उंच धरला होता. टेबलावर थरथरत सरकला तो तुमचा फोन, तोच कॉल. नऊ वेळा लावला. गादीवाले दोघं समोरच्या मजुरांच्या खोल्यांमधले पठाण. गाद्या खाली पसरायला आणत होते, एक आणून झाली होती, दुसरी तुम्हाला दिसली. आणि नाचणारी बाई ती साजिदा, दुसऱ्या मजल्यावरची. ती हातांनी तुम्हाला दाखवत होती, तिकडे, तिकडे, डावीकडच्या खिडकीत. सगळ्यांना तुम्ही दिसत होतात, वन्सं. काचेमागे मान खाली-वर करणारी एक बाई. म्हणून सगळे तुमच्याकडे बघत होते. मी मराठीत ओरडत होते, अजीज मल्याळीत, पठाण त्यांच्या भाषेत, आणि एक अरब माणूस गाडी रस्त्यात सोडून “यल्ला, यल्ला”, म्हणजे लवकर, लवकर, करत होता. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं.

दार बडवणारा कुरियरवाला नव्हता, वॉचमन खैरुद्दीन होता. पाच मजले जिन्याने पळत गेला. शेवटी त्याच्या खांद्याच्या धक्क्याने लॅच तुटलं, पण आत साखळी. त्या फटीतून त्याला तुमची पाठ दिसत होती. तसाच धापा टाकत खाली आला. एवढंच म्हणाला, “भाभीजी, वो ड्रॉइंग कर रही हैं.”

तासभर म्हणता ना? आगीच्या बंबाची मोठी गाडी यायच्या आधी दौलत सतरा मिनिटं लटकला होता, मग त्याचे हात सुटले. मला वेळ बघायची सवय आहे. तो गाद्यांवर पडला नाही, खालच्या कठड्यावर पडला. त्याला सुखरूप उतरवलं हे यांनी तुमच्या हृदयासाठी सांगितलेलं खोटं आहे. तो तिथेच गेला. मी त्याच्या तोंडात पाणी घातलं, सकाळच्याच हाताने.

वर आले तर तुम्ही साखळी काढलीत आणि म्हणालात, “आशा, बघ, काय मिळालं आज!” आणि वही पुढे केलीत. मी तुम्हाला त्यानंतर वरण-भात वाढला. तो कसा वाढला ते माझं मला माहीत.

आता उचला ब्रश.

आशा


पुणे
९ जानेवारी २०२५

आशा,

तुझं पत्र २८ डिसेंबरला मिळालं. गुणवंतला फोन केला होता. यंत्र लावून. तो आधी नाही म्हणाला, मग रडला. म्हणजे खरं आहे.

मी तुला काही समजावणार नाही. साखळी हलत होती हे मीच तुला लिहिलं, ते कागदावर माझ्या अक्षरात आहे.

तीन रात्री स्टुडिओत गेले नाही. चौथ्या दिवशी गेले आणि चित्रापुढे बसवेना. यंत्र काढून ठेवलं तरी ती तोंडं ऐकू येत होती. मला आयुष्यात कधी एवढं ऐकू आलं नव्हतं. मग मी ब्रश उचलला. तू मागितलंस तेवढंच नाही केलं. सगळ्यांचीच तोंडं मिटवली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. तुझं सर्वांत शेवटी. आता तू नुसती वर बघते आहेस, ओठ मिटून, देवळात उभी असावीस तशी. कुणी हसणार नाही. दाढ दिसत नाही.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. नाव बदलून ‘प्रार्थना’ ठेवलं. बँकेच्या लोकांना हे आधीपेक्षा आवडलं, भिंतीला शांत वाटतं म्हणाले. वीस तारखेनंतर केव्हाही घेऊन जातील, महिनाअखेरपर्यंत.

तुझी अब्रू तुला परत केली. यापेक्षा मला काही करता येत नाही. मला माफ कर असं लिहिणार नाही, तुला ते भाजणीसारखं तोलावं लागेल.

सुचित्रा


॥ श्री ॥
अल कुसैस
१८ जानेवारी २०२५

वन्सं,

नव्या चित्राचा फोटो ईशानीने मोबाइलवर शोधून दाखवला. पुस्तिकेवर छापलेल्यापेक्षा रंग चांगला आलाय. मी सुंदर दिसते. हे म्हणाले, “झालं ना तुझ्या मनासारखं? आता मिटव.” ईशानी यावेळी चिल म्हणाली नाही. तिने फोटो मोठा करून माझ्या ओठांपाशी बोट नेलं आणि विचारलं, “आई, बट यू वेअर शाउटिंग. राइट?” मी हो म्हटलं. “देन व्हाय इज एव्हरीबडी क्वाएट?”

तेच तुम्हाला विचारायला लिहिते.

नोव्हेंबरात मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, की मला त्या गर्दीतून काढा. ते मागणं चुकीचं होतं. संपदेच्या हसण्याला घाबरून मी मागितलं. आपण तेवढे चांगले आणि बाकीचे बघे, असं माझ्याही मनात होतं कुठेतरी. तुम्ही मला वर बसून पाहिलंत आणि मी अजीजला, पठाणांना, साजिदाला शेजारी उभी राहून तसंच पाहिलं. सहा महिने मी त्यांच्या वतीने एक ओळ तुम्हाला लिहिली नाही. स्वतःच्या दाढेवर आलं तेव्हा लिहिलं.

पण तुम्ही जे केलंत ते त्याहून वाईट आहे. आधी आम्हाला मजा बघायला उभं केलंत. आता हात जोडल्यासारखं उभं केलंत. एक माणूस डोक्यावर लटकलाय आणि एकोणचाळीस माणसं ओठ मिटून शांत उभी आहेत, असं त्या दिवशी घडलं असतं ना, तर तुमचं पहिलं नावच आम्हाला शोभलं असतं. मी देवाधर्माची बाई आहे, रोज दोन तास माझी पूजा चालते, तरी सांगते, त्या शनिवारी मी प्रार्थना केली नाही. एक अक्षरही नाही. सुचलीच नाही. मी तुमच्या नावाने बोंब मारत होते. माझ्या हातून तेवढंच झालं आणि तेवढं तरी झालं. तेच तुम्ही पुसलंत.

तोंडं ऐकू येतात म्हणून मिटवलीत. आम्हालाही ऐकू येतात. खैरुद्दीन अजून पाचव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरत नाही, आमचं पार्सल चौथ्यावर ठेवतो आणि फोन करतो. अजीजने दुकानाचं शटर त्या बाजूचं कायमचं पाडलंय. साजिदा भेटली की आम्ही दोघी हवापाण्याचं बोलतो. आमच्यापैकी कुणाकडे ब्रश नाही. तुम्हालाच सोपं जावं असं का?

तेव्हा माझं म्हणणं नीट वाचा. चित्र बँकेत जायच्या आत ती तोंडं परत उघडा. माझं एकटीचं नाही, सगळ्यांची. जशी होती तशी, दातांसकट, दाढांसकट. मी मधोमध राहीन, तळहाताएवढी. कुणाला हसायचं असेल तर हसू दे, संपदेला मी बघून घेईन. ‘प्रार्थना’ हे नाव काढा. दुसरं कुठलं द्यायचं ते तुम्ही शिकलेल्या आहात, शोधा. ‘बघे’ ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग खालच्या काठाला खिडकीची चौकट काढा आणि तिच्यात पेन्सिल धरलेला एक हात. मोजणाऱ्याने मोजलं तर चाळीस भरले पाहिजेत.

बँकेला शांत भिंत हवी असेल तर त्यांनी पांढरा चुना लावावा, तो स्वस्त पडतो.

नेहमीचा नमस्कार मी यावेळीही लिहिला नाही. तोंडं उघडलीत, की नमस्कार करीन. उघडताय की नाही, एवढंच उलट टपाली कळवा. यांच्या पोस्ट बॉक्सवर नको, पाकिटावर अजीजच्या दुकानाचा पत्ता घाला. तो वाट बघतोय.

आशा